तिकीट अर्धं, मत पुरं

गेल्या रविवारी, उजवा गाल झालेला आणि डावा अजून फेसात, अशा अवस्थेत आमच्या सलूनवाल्यानं मला गप्प केलं. तोंडानं एक शब्द बोलला नाही. वस्तऱ्याच्या मुठीनं आरशाच्या वर दोनदा टकटक केलं, बस. तिथं पाटी आहे : 'येथे राजकीय चर्चा करू नये. उधारी बंद आहे.'

पाटी जुनीच आहे. तिच्याखाली बसून मी आजवर दोन अर्थमंत्री घरी बसवलेत आणि रिझर्व्ह बँकेला किती वेळा फैलावर घेतलं त्याची मोजदाद नाही. 'येथे थुंकू नये' ही पाटी जशी थुंकणाऱ्यांसाठी असते, तशी ही पाटी अडाण्यांसाठी आहे अशी माझी समजूत होती.

"अरे, मी सोन्याबद्दल बोलतोय," मी म्हणालो. ओठावर फेस असल्यामुळं त्यातलं 'अरे सोन्या' एवढंच बाहेर पडलं आणि बाकड्यावर नंबर लावून बसलेलं एक पोरगं दचकून माझ्याकडं बघायला लागलं.

"साहेब, तुमचं सुरू व्हतंय सोन्यापासून. पर वस्तरा हनुवटीवर येईस्तोर तुमी दिल्लीत जाता. मंग मान हालविता. कापलं म्हंजी?"

म्हणजे माझ्या मतांवर बंदी आली ती देशासाठी नव्हे, माझ्याच गळ्यासाठी. बरं. तेही मी गिळलं असतं. पण पुढं तास-पाऊण तास त्याच पाटीखाली जे चाललं, ते मला अजून पचलेलं नाही.

आधी माझी बाजू. मी अंबाजोगाईच्या उपकोषागारात चौतीस वर्षं काढली. तालुक्यातल्या सगळ्या खात्यांची बिलं माझ्या टेबलावरून जायची आणि त्यातली निम्मी आक्षेप लागून परत जायची. लेखाशीर्ष चुकलं, आक्षेप. आकडा बरोबर पण अक्षरी रकमेत काना राहिला, आक्षेप. २०१६ साली अठ्ठावन्न पूर्ण झाले तेव्हा सरकारनं बिलं काढून घेतली; आक्षेप माझ्याकडंच राहिले. ते आता लावायचे कुठं? सकाळी दोन पेपर लाल पेन घेऊन वाचतो. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो रेपो दर २०२५ च्या सुरुवातीला साडेसहा टक्के होता, डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आणला. घरकर्जवाल्यांनी पेढे वाटले. आमच्या एफडीचं काय? पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची योजना तेवढी ८.२ टक्के देते, त्यालाही तीस लाखांची मर्यादा. माझ्याकडं तीस लाख नाहीत हा भाग वेगळा, पण मर्यादा का म्हणून? हे कुणाला तरी विचारायला नको?

घरी विचारायची सोय नाही. २००७ साली सोनं तोळ्याला दहा हजारांच्या वर गेलं तेव्हा बायकोला पाटल्या करायच्या होत्या. मी तिला सांगितलं, हा फुगा आहे, फुटणार, थांब. ती थांबली. २०२५ च्या एप्रिलात सोन्यानं लाखाचा आकडा गाठला त्या दिवशी ती काही बोलली नाही. मोकळे हात ताटाच्या दोन्ही बाजूंना ठेवून माझ्यासमोर जेवायला बसली. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या मताला रद्दीचा भाव आहे. चुकलो, रद्दीला किलोमागं काहीतरी मिळतं.

राहिलं सलून. सलूनचा मोठा गुण असा, की ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही. उठला की नंबर गेला.

आणि आता तिथंही आप्पा.

आप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सत्तरी ओलांडली, खाकी कधीच उतरली, पण उभे राहतात ते अजून कंडक्टरसारखेच : सलूनच्या दाराच्या चौकटीला पाठ लावलेली, एक पाय तिरका पुढं, म्हणजे अचानक ब्रेक लागला तर पडायला नको. बाकडं रिकामं असलं तरी बसत नाहीत. दाढीला येतात की नुसतेच येतात हे मला चार वर्षांत कळलेलं नाही, कारण गाल कायम गुळगुळीत. सलून दहा बाय बाराचं, पण आवाज मागच्या सीटवर पोचला पाहिजे असा. आणि बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर सारखा घासत राहतो, तिकिटं सोडवल्यासारखा.

मी गप्प झालो आणि आप्पांनी घंटी मारली.

निमित्त शेजारच्या खुर्चीतलं पोरगं. बावीस-तेवीसचं असेल. बाजूनं बारीक, वर झाड असली कटिंग करून घेत होतं आणि कापडाच्या आतून मोबाइल चालू. "आप्पा," ते म्हणालं, "मंगळवारी निफ्टी काय करील?"

आप्पांना विचारलं. चौतीस वर्षं सरकारी तिजोरीला बोट लावून बसलेला माणूस शेजारच्या खुर्चीत होता, त्याला नाही.

"तू टपावर बसणाऱ्यातला," आप्पा म्हणाले. "टपावर वारं लई गोड लागतं. गर्दी न्हाई, तिकीट न्हाई, खालचे लोक मुंग्यावानी दिसतेत. पर टपावरल्याला एक गोष्ट दिसत न्हाई. कोणती?"

"कोणती?"

"म्होरली फांदी."

आता मला सांगा. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला की तीन वर्षांत या फ्युचर-ऑप्शनच्या धंद्यात उतरलेल्या १०० सामान्य माणसांपैकी ९३ जणांचं नुकसान झालं. हा आकडा मला तोंडपाठ आहे. महिन्यापूर्वी मी याच पोराला, याच खुर्चीत, हाच आकडा सांगितला होता, तेव्हा त्यानं कानात ते पांढरं बोंडूक घालून घेतलं होतं. फांदी म्हटल्याबरोबर त्यानं मोबाइल पालथा घातला.

"मंग काय करावं आप्पा?"

"मासिक पास काढावा. तुमी त्याला एसआयपी म्हणता. पास काढलेल्या माणसाला कदी बोंबलताना बगितलंस का? गाडी चुकली तर दुसरीला बसतो. पैसे गेलेलेच आसतेत. बोंबलतो कोण? रोज उठून सुटं तिकीट काढणारा. त्याला वाटतं आज गाडी निम्मी मोकळी मिळंल, उद्या कंडक्टर भाडं कमी करील." आप्पा थांबले. अंगठा बोटावर फिरला. "आन् रात्री गाडी बंद पडली तर उतरायचं न्हाई. वस्तीची गाडी हाय ती. राती गेली तरी सकाळी तितूनच निघती. मदीच रानात उतरलेल्याला मातर कुत्रे खातेत."

हे बोलताना ते माझ्याकडं का बघत होते? २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांच्या वर आपटला आणि २४ तारखेला मी जेवढं होतं तेवढं विकून मोकळा झालो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो तळ होता हे मला नंतर पेपरातच वाचायला मिळालं. लाल पेननं अधोरेखित केलं होतं.

माझी दाढी उरकली. तोंडाला तुरटी लागली. पण सलूनवाल्यानं मला खुर्चीतून उठवून बाकड्यावर बसवलं, कटिंगला पुन्हा नंबर लावा म्हणून. रविवारी गर्दी असते हे कबूल. पण हनुवटीपर्यंत एक नंबर आणि हनुवटीच्या वर दुसरा, हा हिशेब मी कुठल्याही नियमावलीत वाचलेला नाही.

तेवढ्यात सलूनवाल्यानं स्वतः, आपण होऊन, आप्पांना विचारलं : "आप्पा, आपल्या तिगांच्या सरकारचं काय व्हईल?"

मी पाटीकडं बघितलं. कुणीही टकटक करेना.

"तीन जणांचं सीट हाय ते," आप्पा म्हणाले. "खिडकीवाला हवा खायलाय. मदला दोन्हीकडं मान टाकून झोपायलाय. कडंचा निम्मा भाईर लोंबायलाय, त्याच्या मांडीला नुस्ता लोखंडी दांडा लागायलाय. तरी उतरत कामून न्हाई? कारण उभे ऱ्हायलेले वीस जण टपून बसलेत."

"उभे राहिलेले टपून कसे बसतील?" मी आक्षेप लावला. कुणी दखल घेतली नाही.

"आन् आजकाल दारातून चढतंय कोण? स्टँडात गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा. रुमालाचा रंग चढल्यावर बदलला तरी कंडक्टर काय करनार? त्याला तिकिटाशी मतलब."

बाकडं खदखदत होतं. मी उठून उभा राहिलो. "हे राजकारण नाही का? मी सोन्याचं नाव काढलं तर पाटी, आणि हे?"

सलूनवाल्यानं कात्री थांबवून माझ्याकडं असं बघितलं, जसं मी बिल पास न होणाऱ्या गुरुजींकडं बघायचो. "न्हाई साहेब," तो समजुतीनं म्हणाला. "आप्पा गाडीचं बोलायलेत."

मी खाली बसलो. यावर अपील कुठं करायचं असतं?

"पाटी" म्हटलं की आप्पांना आणखी एक सुचतं, तसं सुचलं. "गाडीला पाटी लागल्याबिगर आत बसू नये. लोक काय करतेत? गाडी मोकळी दिसली की सामानासकट चढतेत. मंग डायवर येतो आन् पाटी लावतो धर्मापुरीची. ह्यांला जायचं आस्तंय केजला."

इथं माझा प्लॉट आला. आप्पांना माहीत नव्हता, पण आला. आमच्या मराठवाड्यात जिल्हे असे पडत गेले : जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९. अंबाजोगाई जिल्हा व्हावा ही मागणी त्या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून जुनी. हिंगोली झाल्याबरोबर मी म्हणालो, आता आपला नंबर. निजामाच्या काळात इथं घोडदळाची छावणी होती, गावाचं नाव मोमिनाबाद होतं, एवढं मोठं गाव जिल्हा होणार नाही तर कोणतं होणार? कलेक्टर ऑफिस साधारण कुठं बसेल याचा मी नकाशावर पट्टी ठेवून अंदाज घेतला आणि त्याच्या समोर प्लॉट घेतला. पंचवीस वर्षं झाली. प्लॉटवर बाभळी आहेत. बाभळी जिल्हास्तरीय आहेत, बाकी काही नाही.

तसा तोटा आमच्या घराण्यात वंशपरंपरेनं येतो. निजाम राजवटीत हैदराबादचा हाली सिक्का चालायचा, इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, हाली सिक्का पुढं टप्प्याटप्प्यानं बंद झाला. लोक बदलून घ्यायला धावले. आमच्या आजोबांचं मत पडलं की सरकारं येतात-जातात, चांदी थोडीच जाते, हाली पुन्हा वधारेल. त्यांनी मडकं पुरून ठेवलं. वडिलांनी ते उकरलं तेव्हा त्या नोटांवर, हो, मडक्यात बऱ्याचशा नोटा होत्या, वाळवीनं आपलं मत नोंदवलेलं होतं. म्हणजे मतं असणं हा माझा एकट्याचा दोष नाही.

भरकटलो. सलूनमध्ये तोवर बाकड्यावरच्या एका शेतकऱ्यानं विचारलं होतं, "आप्पा, आन् मल्टिस्टेट पतसंस्था?"

"ती ट्रॅव्हल्स," आप्पा म्हणाले. "पडदे, एशी, पान्याची बाटली फुकट. दारात पोरगं उभं, या मामा, या मावशी. तेरा टक्के म्हनलं. यष्टी देती का तेरा टक्के? मंग राती दोन वाजता ढाब्यावर थांबली. समदे उतरले लघवीला. भाईर येऊन बगतेत तर गाडीच न्हाई. सामान गाडीत."

कुणी हसलं नाही. यावर हसायला माणूस बीड जिल्ह्याच्या बाहेरचा लागतो. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली. पतसंस्थेला तो विमा नाही, मल्टिस्टेटलाही नाही. हे मला, पैशाच्या खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला, माहीत होतं. माहीत असून ठेवले. व्याज घरपोच आणून देणारा पोरगा दर महिन्याला वाकून पाया पडायचा. माझ्या पाया तेव्हा दुसरं कुणी पडत नव्हतं. आता त्या शाखेला कुलूप आहे, कुलपावर सील, सीलवर धूळ, आणि आम्ही दर तीन महिन्यांनी अर्जाची झेरॉक्स काढतो. झेरॉक्सवाल्याचं मात्र बरं चाललंय. त्यानं दुसरं मशीन घेतलं.

"तुमचे किती साहेब?" आप्पांनी विचारलं. आवाज या वेळी मागच्या सीटपर्यंत गेला नाही.

"चार," मी म्हणालो.

"मपले दीड," सलूनवाला म्हणाला.

"दोन वर्साच्या सोयाबीनचे ऐंशी हजार," शेतकरी म्हणाला. "भाव न्हवता म्हणून इकून तिथं ठिवले."

"आप्पा, तुमचे?"

"मपलं सामानच न्हवतं," आप्पा म्हणाले.

पंख्याचा आवाज येत होता. कात्री थांबलेली होती. पाटीकडं कुणीही बघत नव्हतं.

ही शांतता मला सहन झाली नाही, आणि तिथंच मी चुकलो. "या सगळ्याचं मूळ फुकटेपणात आहे," मी सुरू केलं. मल्टिस्टेटचा आणि फुकटेपणाचा संबंध काय, ते मला आता सांगता येणार नाही. तेव्हाही येत नव्हतं. पण गाडी सुटली होती. "ज्याला त्याला सवलत! ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. महामंडळ बुडणार नाही तर काय होईल? देश असा चालतो का? ज्याची ऐपत आहे त्यानं पूर्ण पैसे मोजले पाहिजेत!"

छान बोललो. शेतकऱ्यानं मान हलवली. कटिंगवाल्या पोराचं लक्ष माझ्याकडं होतं, पहिल्यांदाच.

"साहेब," आप्पा म्हणाले, "तुमचं वय काय आसंल?"

"सदुसष्ट."

"लातूरला कशानं जाता?"

"एसटीनं."

"तिकीट?"

कंडक्टर विचारतो तसंच विचारलं, हात पुढं करून. चौतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला भाड्यात पन्नास टक्के सूट आहे, ती मी नाकारत नाही. कार्ड दाखवतो आणि घेतो. का घेऊ नये?

"अर्धं," मी म्हणालो.

आप्पा बाकड्याकडं वळले आणि तो जुना आवाज लावला. "तिकीट अर्धं," ते म्हणाले, "आन् मत पुरं!"

ऐंशी हजार बुडालेला शेतकरी उपरण्यात तोंड घालून हसला. 'सोन्या' या शब्दावर दचकलेलं पोरगं हसलं. सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाच्या मानेपासून वस्तरा लांब धरला आणि हसून घेतलं.

मी म्हणालो की रेल्वेत साठीच्या वरच्या पुरुषांना चाळीस टक्के सवलत होती, ती २० मार्च २०२० ला काढून घेतली. मला साठ पूर्ण झाली २०१८ ला. ती सवलत मी दोनदा वापरली, परळीहून एकदा आणि लातूरहून एकदा. करोना गेला, मास्क गेले, ती काही परत आली नाही. हा मुद्दा अगदी बरोबर होता. आजही आहे. पण हसणाऱ्या माणसांना बरोबर मुद्दा सांगणं म्हणजे सुटलेल्या गाडीला हात करणं. (बघा, मीही त्यांच्याच भाषेत बोलायला लागलो.)

शेवटचा उपाय म्हणून मी १९९४ काढलं.

"आप्पा, तुम्ही लातूर रूटवर होता ना?"

"अकरा वर्सं."

"१९९४ साली अंबाजोगाई-लातूर गाडीत माझे तीन रुपये राहिले. कंडक्टरनं तिकिटाच्या मागं '३' लिहून गोल केला आणि म्हणाला, उतरताना घ्या. मला डुलकी लागली. राहून गेले. ते तुम्हीच होता."

हा आरोप मी चार वर्षं मनात ठेवला होता. चेहरा आठवत नाही, पण तो अंगठा मला आठवतो. दुकान एकदम शांत झालं. आप्पा जरासुद्धा डगमगले नाहीत.

"तिकीट हाय का?"

"काय?"

"तिकिटामागं लिव्हलं म्हनता ना. तिकीट दावा, पैसे घेऊन जा."

चौतीस वर्षं हेच वाक्य मी लोकांना ऐकवलं होतं. मूळ पावती जोडा. पावतीशिवाय देयक मंजूर होणार नाही. विधवा बायका समोर रडल्या तरी मी हे वाक्य बदललं नव्हतं. कटिंग न करता मी घरी आलो आणि दुपारभर माळ्यावरच्या फायली उपसल्या. १९८९ ची विजेची बिलं सापडली. तिकीट नाही. बायकोनं खालून विचारलं, "अहो, काय शोधताय?" मी म्हणालो, "महत्त्वाचा कागद आहे." तिनं पुढं विचारलं नाही. महत्त्वाचं म्हटलं की ती विचारत नाही.

बुधवारी संध्याकाळी गेलो. बुधवारी आप्पा नसतात, असा माझा अंदाज. माझे अंदाज आता तुम्हाला माहीत झालेच आहेत.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चौकटीला आप्पा. मला बघून बाजूला सरकले. "या साहेब. आज खिडकीची जागा मोकळी हाय."

मी काही बोललो नाही. दाढीला बसलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडं बोलायला होतं : महागाई भत्त्याच्या फरकाचं आमच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. तोंड पुसून मी वळलो, तर आप्पांनी सदऱ्याच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि एक जुना मोबाइल.

"साहेब, तुमी ट्रेझरीतले. एवढं बगा. दोन महिने झाले पेन्शन यीना. बँकवाला म्हनतो हयातीचा दाखला दिला न्हाई. मी तीनदा गेलो. मशीन अंगठा घीत न्हाई."

मी त्यांचा हात धरून अंगठा उजेडात बघितला. गुळगुळीत होता. रेघ म्हणून नव्हती. एवढ्या वर्षांच्या तिकिटांनी आणि नोटांनी ती घासून नेली होती, आणि उरलीसुरली ते अजून घासतच होते.

आता अंगठ्याशिवाय, मोबाइलनं चेहरा ओळखूनही दाखला निघतो. त्यांच्या मोबाइलवर ते चालेना, म्हणून माझ्यावर घेतलं. सलूनवाल्यानं आरशाचे दोन्ही दिवे लावले, आप्पांना खुर्चीत बसवलं. आप्पांना बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मी म्हणालो, "हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसती डोळ्यांची उघडझाप करायची." चार वर्षांत त्या पाटीला जे जमलं नाही ते माझ्या मोबाइलला जमलं. आप्पा अर्धा मिनिट गप्प बसले.

मग पेन्शनचा नंबर टाकायला मी पासबुक उघडलं. दर महिन्याची एकच रक्कम, एकाखाली एक, पानभर. २,९१४. २,९१४. २,९१४. एसटीवाल्यांना आमच्यासारखं पेन्शन नाही. त्यांचं ईपीएस-९५ चं, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातलं. त्याला महागाई भत्ता नसतो. पहिल्या दिवशी जी बसली ती शेवटपर्यंत. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये आहे, ते साडेसात हजार करा म्हणून ही माणसं ठिकठिकाणी उपोषणाला बसतात, फोटो आतल्या पानावर येतो. मी तो वाचलेला आहे. त्यावर लाल पेन चालवल्याचं मला आठवत नाही.

"काई बोलायलेत का साहेब?" सलूनवाल्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि पाटीकडं बघितलं.

दाखला निघाला. आप्पा जिवंत आहेत असा मेसेज आला. तो त्यांनी मला दोनदा वाचायला लावला आणि उठून पुन्हा चौकटीला जाऊन उभे राहिले. मी दाढीचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तेवढ्यात त्यांनी पन्नासाची नोट पुढं केलेली होती. उभी घडी घातलेली, दोन बोटांच्या बेचक्यात धरलेली.

"ह्यांचं मपल्याकडं," ते सलूनवाल्याला म्हणाले. "ऱ्हाऊ दे. अर्धंच तिकीट हाय."

मी नको नको म्हणेपर्यंत नोट गल्ल्यात गेली.

घरी येऊन कागद घेतला. मुद्दल तीन रुपये, १९९४ पासून एकतीस वर्षं, आठ टक्के चक्रवाढ : बत्तीस रुपये साठ पैसे. पन्नासातून वजा जाता सतरा रुपये चाळीस पैसे माझ्याकडंच निघतात. दोनदा बेरीज तपासली. रविवारी नेऊन द्यायचे तर वरचे चाळीस पैसे सुटे आणायचे कुठून?